‘पालकांनी लक्ष द्यावं’ म्हणे!

हे वाक्य मला आता पुन्हा कुणी ऐकवलं ना, तर मी भांडणार आहे. समोर कोण आहे तेही बघणार नाही.

शनिवारी मुलाच्या शाळेत पालकसभा होती. विषय, मुलं आणि मोबाइल. निमंत्रण आलं शाळेच्या ॲपवर, येणार की नाही ते कळवायचं ॲपवर, आणि दारात हजेरीसाठी क्यूआर कोड. आत पंचेचाळीस मिनिटं एक पाहुणे सांगत होते की घरात सारखा फोन हातात धरू नका, मुलं तुमचंच बघून शिकतात. ते खाली बसतात न बसतात तोच बाई माइकवर आल्या: ‘सगळ्यांनी आत्ताच फोन काढा, ग्रुपवर फीडबॅक फॉर्मची लिंक टाकली आहे.’ मला वाटलं, आता तरी कुणी हसेल. कुणी हसलं नाही. सगळ्या माना एकदम खाली गेल्या. माझीसुद्धा.

त्या पाहुण्यांनी आणखी एक ठोकून दिलं. ‘जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला फक्त एक तास!’ अहो, संघटनेची ती 2019 ची सूचना पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. दोन ते चार वर्षांच्या पोरांनी बसून स्क्रीन बघायची तर जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी तर उत्तमच, असं त्यात म्हटलंय. मोठ्या मुलांसाठी 2020 मध्ये जे आलं त्यात तासांचा आकडाच नाही. करमणुकीसाठी स्क्रीनपुढे बसून राहणं कमी करा, एवढंच. पण सहावीतल्या मुलांच्या आईबापांना तीन वर्षांच्या पोराचं माप लावायचं, आणि अपराधी चेहऱ्याने घरी पाठवून द्यायचं. हे यांचं मार्गदर्शन.

आणि ‘करमणुकीसाठी’ हा शब्द जरा नीट वाचा. कारण आमच्या घरी रात्री साडेनऊला फोन पेटतो तो करमणुकीसाठी नाही. तेव्हा गृहपाठ येतो. फळ्याचा तिरका फोटो, त्यावर अर्धा पंख्याचा उजेड, अर्धी शिक्षिकेची सावली. वहीत का लिहून देत नाहीत, असं मी एकदा विचारलं होतं. उत्तर मिळालं, ‘सगळ्या पालकांना एकाच वेळी माहिती मिळावी म्हणून.’ म्हणजे गृहपाठ आता पोराचा राहिलेलाच नाही, माझा झालाय. मी तो वाचायचा, मोठा करून बघायचा, ग्रुपवर ‘पाचवा प्रश्न दिसत नाहीये’ असं विचारायचं, मग त्याखाली एकोणीस जणांचे अंगठे आणि सात जणांचं ‘मलाही’, आणि त्या गर्दीत कुणीतरी टाकलेला खरा प्रश्न शोधत बसायचं.

परवाचा गृहपाठ होता, ‘दिलेला व्हिडिओ पाहून पाच वाक्ये लिहा.’ व्हिडिओ चार मिनिटांचा. पोरगा चाळीस मिनिटं फोन घेऊन बसला होता. मी ओरडले. तो म्हणाला, ‘आई, मी काहीच नाही केलं, पुढचा आपोआपच लागला.’ आणि खरं सांगू, तो खोटं बोलत नव्हता. लागलाच होता आपोआप.

इथेच माझं डोकं फिरतं. पूर्वी पान संपायचं. कार्यक्रम संपायचा. संकेतस्थळांवरसुद्धा खाली ‘पुढील पान’ असं असायचं, आणि ते दाबताना क्षणभर का होईना, माणूस थांबायचा. अझा रास्किन नावाच्या डिझायनरने 2006 मध्ये ते न संपणारं स्क्रोलिंग तयार केलं, आणि त्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो हे तो पुढे जाहीरपणे बोललाही. छान. त्याला पश्चात्ताप झाला, बाकीच्यांनी ते जसंच्या तसं उचललं, आणि आता एकीकडे शिकलेसवरलेले हुशार इंजिनिअर दिवसभर बसून ठरवतात की माणसाचा अंगठा थांबू नये, आणि दुसरीकडे त्या अंगठ्याला थांबवायला कोण? तर मी. दिवसभर काम करून आलेली, एका हाताने कपड्यांच्या घड्या घालणारी मी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

‘मग पॅरेंटल कंट्रोल लावा ना!’ हे सांगणारेही भेटतात. लावलंय हो. एक रविवार त्यात गेला. आधी माझा ईमेल, मग त्याचा ईमेल, मग माझ्या फोनवर कोड, तोपर्यंत त्याच्या फोनवरची वेळ संपलेली, मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तेरावी पायरी मला समजेना म्हणून सेटिंग कुणी करून दिलं माहितीये? चिरंजीवांनी! कैद्यानेच तुरुंगाला कुलूप बसवून दिलं. आता मी ऑफिसात महत्त्वाचं काही बोलत असताना फोन थरथरतो: ‘आणखी 15 मिनिटं हवी आहेत. मंजूर? नामंजूर?’ नामंजूर केलं की दोन मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी मंजूर दाबते. दाबते, काय करणार? समोर साहेब बसलेत.

वयाचं तर सोडाच. सोशल मीडियावर खातं उघडायला तेरा वर्षांचं बंधन आहे म्हणे. तेराच का, असा मला प्रश्न पडला. मेंदूच्या वाढीशी वगैरे काही संबंध असेल असं वाटलं होतं. तसलं काही नाही. अमेरिकेत 1998 साली मुलांच्या खासगी माहितीबद्दल एक कायदा झाला. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करायची तर आईवडिलांची परवानगी लागेल, असं त्यात होतं. परवानगी घ्यायची कटकट नको म्हणून कंपन्यांनी सोपं केलं, तेरा पूर्ण नसतील तर येऊ नका असं लिहून टाकलं. आणि तपासायचं कसं? जन्मतारीख विचारायची! माझ्या मुलाच्या वर्गात किमान निम्मी पोरं कागदोपत्री पंचविशी ओलांडलेली आहेत. खोटं बोलू नये हे मी लहानपणापासून शिकवलं, ते एका चौकोनाने दहा सेकंदांत पुसलं.

राजकारण्यांचं बोलावं की नाही? बोलतेच. ‘मुलांना या विळख्यातून सोडवलं पाहिजे’ असं भाषण जे करतात, त्या भाषणाचे तीस सेकंदांचे तुकडे, मागे ढोल, पुढे आगीच्या खुणा, हे सगळं त्याच विळख्यात संध्याकाळपर्यंत फिरत असतं. त्यातल्या त्यात ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये कायदा केला, सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर खाती नकोत, आणि 10 डिसेंबर 2025 पासून तो लागूही झाला. पोरं त्यातूनही पळवाट काढतील, मला काही शंका नाही. चेहरा बघून वय ओळखणाऱ्या यंत्रापुढे बापाला उभं करतील. पण त्यातलं एक कलम वाचून मला बरं वाटलं. दंड कंपनीला, चक्क 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलांना नाही आणि पालकांनाही नाही. आई सोडून दुसरं कुणीतरी जबाबदार असू शकतं, हे कुठल्यातरी सरकारी कागदावर छापून आलं. एवढ्यावरही मी खूश होते, यावरून माझी अवस्था ओळखा.

आणि घरच्यांचं काय? आमचे सासरे. माणूस देव आहे, पण इअरफोन ही वस्तू त्यांना मान्य नाही. सकाळी सहाला आरोग्याचे व्हिडिओ, पूर्ण आवाजात. दुपारी कुणीतरी कुणाचीतरी बोलती बंद केल्याचे व्हिडिओ, त्याहून मोठ्या आवाजात. मधेच मान वर करून नातवाला म्हणणार, ‘अरे, सोड तो मोबाइल, आमच्या वेळी असं नव्हतं.’ नातू माझ्याकडे बघतो. मी भिंतीकडे बघते. नवऱ्याला सांगितलं, बाबांना जरा आवाज कमी करायला सांगा. तर म्हणाला, ‘जाऊ दे गं, या वयात त्यांना विरंगुळा आहे.’ मग पोराचं? ‘त्याच्याकडे तूच जरा लक्ष द्यायला हवं.’

हो, हे वाक्य घरातूनही येतं.

मी काही धुतल्या तांदळासारखी आहे असा माझा दावा नाही. रात्री सगळे झोपले की मीही अंथरुणात पडून अर्धा तास अनोळखी बायकांची कपाटं आवरताना बघते. माझं कपाट तसंच. पण निदान मी व्यासपीठावर चढून कुणाला शिकवायला तरी जात नाही.

तो फीडबॅक फॉर्म अजून भरलेला नाही. सातवा प्रश्न आहे, ‘आपला पाल्य रोज किती वेळ स्क्रीन पाहतो?’ पर्याय तीन: एक तासापेक्षा कमी, एक ते दोन तास, दोन तासांहून अधिक. त्यात तुम्ही पाठवलेला गृहपाठ धरायचा की नाही, ते कुठेच लिहिलेलं नाही. प्रश्न सोडून पुढे जाताही येत नाही, लाल अक्षरांत ‘अनिवार्य’ असं येतं. मी बाईंना ग्रुपवरच विचारलं, सगळ्यांसमोर, की यात गृहपाठ मोजायचा का. काल दुपारी विचारलं. दोन निळ्या खुणा दिसतायत. उत्तर नाही.