आभार मानायची सवय लावून घ्या, सोपं आहे

आधी आप्पा बळवंत चौकात जाऊन एक जाडजूड वही घ्या. रोज झोपण्यापूर्वी तिच्यात ऊन, पाऊस, श्वास, निसर्ग यांचे आभार लिहायचे. माणसांची नावं शक्यतो टाळा. अशा नोंदी ठेवणाऱ्यांना जास्त बरं वाटतं, असं मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यानं 2003 साली दाखवून दिलंय. आपल्याला बरं वाटल्याशी कारण. माळ्यावर चढून वही काढून देणाऱ्या पोऱ्याला 'जरा लवकर' एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं.

आभार नेहमी वरच्या दिशेनं मानावेत. भाऊ, दादा, साहेब. रस्ता खणल्याचा एक फ्लेक्स, बुजवल्याचा दुसरा.

रिक्षावाला मीटरनं आला तर चकार शब्द काढू नका. शेफारतो.

घरच्यांना तर मुळीच नाही. 'आपल्यात कसलं थँक्यू?' म्हणायचं आणि ताट तिथंच ठेवून उठायचं.

सोसायटीच्या ग्रुपवर मात्र हात जोडण्यात कसूर नको. गेल्या आठवड्यात पावसाचं पाणी आमच्या मीटररूममध्ये शिरलं आणि अख्ख्या बिल्डिंगची लाइट गेली. मध्यरात्र व्हायच्या सुमारास वायरमन आला. पोरगेलासाच, रेनकोटातून पाणी गळतंय. घोटाभर पाण्यात त्याचं काम चाललेलं, शेजारी एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन मी. वरच्या बाल्कन्यांतून दर दोन मिनिटांनी 'आली का?' जणू आम्ही खाली पत्ते कुटत बसलोय! लाइट आली. 'आली, आली!' झालं आणि धडाधड दारं लागली. एकानं, एकानंही खाली येऊन त्याला पाणी विचारलं नाही. तो पिशवी आवरून 'येतो काका' म्हणत पावसात निघून गेला. सकाळी ग्रुपवर बघतो तर 'आपल्या कमिटीच्या तत्परतेबद्दल मनःपूर्वक आभार!' आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. अध्यक्ष त्या रात्री महाबळेश्वरला होते. त्यांनीही हात जोडले. वर एका वहिनींचा मेसेज, 'फॅन हळू फिरतोय, त्या माणसाला परत बोलवा.' त्या माणसाला! माझं सोडा. (सोडू नका खरं तर, दोन दिवस नाक गळत होतं.)

असो. सल्ला देत होतो.

एवढं करूनही कुणाचे तोंडावर आभार मानायची उबळ आलीच, तर 'समोरच्याला अवघडल्यासारखं होईल' असं मनाला बजावा. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 साली छापलेल्या प्रयोगांत आभाराची पत्रं लिहिणाऱ्यांनाही तसंच वाटलं होतं. वाचणारे मात्र त्यांच्या अंदाजापेक्षा कमी अवघडले आणि जास्त सुखावले. पण ते प्रयोग पुण्यात झाले नव्हते, तेव्हा मनावर घेऊ नका.

कचरा न्यायला येणाऱ्या मावशींचे आभार मानायचे झाले, तर डायपर ओल्या कचऱ्यातच टाका. सुखद धक्का बसतो त्यांना. या शहरातल्या कचरावेचकांनी 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, पुढे त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली, आणि आज इतक्या वर्षांनी त्या बायकांचं आपल्याकडे मागणं काय, तर डायपर आणि पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. ठिपका! रांगोळी नाही मागितली. तेवढंही होत नाही तुमच्यानं? वही भरून कृतज्ञता लिहिता आणि एक ठिपका जड होतो? तो कचरा त्या हातानं निवडतात हो, हातानं! दिवाळीला पोस्त मागितली की तुमच्या कपाळाला आठ्या. नाव तरी माहीत आहे का त्यांचं? आणि मागच्या मीटिंगला 'कचरेवालीनं लिफ्ट वापरू नये' हा ठराव कुणी आणला? पहिल्या रांगेतून हात कुणाकुणाचे वर गेले, ते मी मागे बसून नीट पाहिलंय.