देवाला आडनाव लागत नाही

तो फॉरवर्ड सगळ्यांच्याच फोनवर आला होता, त्यामुळे कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. मुलीचा फोटो, नाव, गाव, शाळा, काय घडलं ते सगळं, आणि खाली जोडलेले हात. 'या लेकरासाठी प्रार्थना करा, दहा जणांना पाठवा.' वीस नोव्हेंबरला जगभरातल्या मुलांच्या हक्कांसाठी प्रार्थनासभा होती, तीत हाच फोटो पडद्यावर मोठा करून दाखवायचा, असं बंटीनं ठरवलं होतं. नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या आमच्या कट्ट्यावर त्यानं ते अभिमानानं जाहीर केलं.

"फोटो काढ," मावशी म्हणाल्या.

मावशींनी बालकल्याण समितीवर पूर्ण मुदत काढलेली आहे. त्या असं दोन शब्दांत बोलल्या की मास्तरसुद्धा पुडीतली सुपारी तोंडात टाकायची थांबतात.

"अहो पण चेहरा दिसला की लोकांचं मन हलतं! मागे पियानो पण ठेवलाय. एकदम सॉफ्ट."

"मन हलवायला तुला लेकरूच का लागतं? बाल न्याय कायदा, २०१५. कलम ७४. नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही, कुठल्याही माध्यमातून द्यायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. व्हॉट्सअ‍ॅपला त्यात सूट नाही."

"पण आपण बातमी कुठे देतोय? प्रार्थना करतोय. कुणासाठी मागतोय ते देवाला कळायला नको?"

"देवाला आडनाव लागत नाही, बंटी. आडनाव ग्रुपला लागतं."

यावर अण्णा जोरात हसले. अण्णा नाशिकरोडचे, आयुष्यभर युनियन केलेले, देवाधर्माशी उभा दावा. त्यांना वाटलं मावशी आज आपल्या बाजूच्या. म्हणाले, "मी कधीपासून सांगतोय, प्रार्थना करून एक पोर सुटलेलं दाखवा. फोन करा, मोर्चा काढा. डोळे मिटून बसल्यानं कुठला मालक घाबरलाय?"

"अण्णा, तुमच्यावर नंतर येते," मावशी म्हणाल्या. बंटीचं अजून संपलं नव्हतं.

बंटीच्या मदतीला मास्तर धावले. मास्तरांना इतिहास दिसला की राहवत नाही. १९१९ साली एग्लंटाइन जेब या बाईंनी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात ऑस्ट्रियातल्या उपाशी पोराचा फोटो छापलेली पत्रकं वाटली. अटक झाली, पाच पौंड दंड झाला, आणि तो दंड खुद्द सरकारी वकिलानं भरला. त्याच बाईंनी पुढे बालहक्कांचा मसुदा लिहिला, १९२४ मध्ये राष्ट्रसंघानं तो स्वीकारला, आणि त्याच वाटेनं १९८९ चा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार आला. २० नोव्हेंबर ही तारीख त्या कराराचीच. "तेव्हा फोटो छापला म्हणूनच सगळं झालं ना?" मास्तर विजयी मुद्रेनं म्हणाले. बंटीनं त्यांना टाळी दिली.

"जेबबाईंनी तो फोटो कुणाला दाखवला?" मावशींनी विचारलं. "युद्ध संपल्यावरही ज्या सरकारनं नाकेबंदी चालू ठेवली, त्या सरकारच्या दारात. स्वतःच्या नावानं, कोर्टात उभं राहायची तयारी ठेवून. बंटी, तू या फोटोनं कुणाला जाब विचारतोयस? महिला मंडळाला? आणि ऑस्ट्रियातल्या त्या पोराच्या घरी लंडनचा कुणी दुसऱ्या दिवशी सायकलवरून जाऊन उभा राहू शकत नव्हता. या मुलीच्या घरी उद्या कुणीही जाईल. शाळेचा गणवेशसुद्धा दिसतोय त्यात."

मला विचाराल तर वाद तिथंच मिटला होता. पण बंटीचा एक शेवटचा बाण शिल्लक होता: "चेहरा ब्लर करतो मग."

"गाव ठेवून चेहरा झाकलास तर झाकलंस काय? आधी सगळ्या ग्रुपवरून तो उडव. तू पाठवलेला आहेस तिथं 'सर्वांसाठी हटवा' कर. वेळ निघून गेली असेल तर अ‍ॅडमिनला सांग, त्याला उडवता येतो. आणि माफी मागताना परत तिचं नाव लिहू नकोस."

बंटी फोन घेऊन बाजूला बसला. अठ्ठावीस ग्रुप. अण्णा म्हणाले, याच्या इतक्या ग्रुपांतून एकाला तरी रायनपाड्याची आठवण राहिली असती तर बरं. मग थोडा वेळ कुणी हसलं नाही. रायनपाडा धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, काही लांब नाही. १ जुलै २०१८ ला तिथं पाच भिक्षेकऱ्यांना गावानं ठेचून मारलं, मुलं पळवणारी टोळी म्हणून. पुरावा काय, तर फॉरवर्ड. पोरांच्या काळजीनंच पाठवला होता ना तो लोकांनी? काळजीनं पाठवलेला मजकूरही तपासावा लागतो, आणि प्रार्थनेचा विषय तर दुप्पट तपासावा लागतो, कारण 'आमेन' म्हटल्यावर तो खराच असणार असं लोक धरून चालतात.

मावशींनी मग मास्तरांच्या डायरीतून एक पान फाडून घेतलं (मास्तरांनी त्याबद्दल दोनदा नाराजी व्यक्त केली) आणि सभा कशी घ्यायची ते लिहून काढलं. एक तास. विषय पाचच. सात-आठ घेतले की घाई होते आणि शेवटच्या देशांना नुसतं नाव वाचून सोडून देतात. प्रत्येक विषयाला एक ठिकाण, तारखेसह एक आकडा, एक नेमकं मागणं आणि घरी गेल्यावर करायचं एक काम. माहिती दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. मग शांतता, तीन मिनिटं, घड्याळ लावून. माणसं एका मिनिटात खोकायला लागतात आणि सूत्रसंचालक घाबरून गाणं सुरू करतो, म्हणून आधीच सांगायचं की तीन मिनिटं आहेत.

"बालमजुरी," त्यांनी नमुना म्हणून सांगितलं. "आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफचा जून २०२५ चा अहवाल. २०२४ मध्ये जगात १३.८ कोटी मुलं मजुरीत. त्यातली ५.४ कोटी जीवाला धोका असलेल्या कामात. २०२० मध्ये १६ कोटी होती, म्हणजे कमी होतात, कमी करता येतात, हेही सांगायचं. नाहीतर लोक हताश होऊन घरी जातात. २०२५ पर्यंत शून्यावर आणायचं ठरलं होतं, ते हुकलं. आणि ६१ टक्के शेतीत. हे वाक्य नाशिकमध्ये जरा सावकाश वाचायचं."

"का?" बंटी.

"इगतपुरी लांब आहे का रे?" अण्णाच बोलले. २०२२ ची ती कातकरी पोरं, मेंढपाळांकडे राबायला दिलेली, कट्ट्यावर कुणी विसरलेलं नाही. बंटी तेव्हा बहुधा नाताळच्या नाटकाची तालीम घेत असावा. तेच नाटक, ज्यात उंटाचे मागचे पाय मंचावरून खाली गेले.

"मग मागायचं काय?" मावशी पुढे गेल्या. "'प्रभू, सगळ्या मुलांना सुखी ठेव' हे मागणं नव्हे, ते शुभेच्छापत्र झालं. प्रांताधिकाऱ्यासाठी मागा. वेठबिगारीचा कायदा १९७६ चा आहे. सुटलेल्या पोराला मुक्ततेचा दाखला मिळावा लागतो. तो अडकला की पुनर्वसनाची मदत अडकते, आणि भुकेनं पोर पुन्हा त्याच दारात जातं. तो कागद वेळेवर निघावा, सही करणाऱ्यावर दबाव येऊ नये, पोराचा जबाब घेताना कुणीतरी त्याच्या भाषेत बोलावं, हे मागा."

"प्रांतासाठी प्रार्थना!" अण्णा थक्क झाले. "मी त्यांच्याविरुद्ध घोषणा देण्यात तीस वर्षं घालवली."

"दोन्ही चालतं."

सगळ्यात जास्त वेळ गेला तो खुल्या प्रार्थनेवर, आणि मला वाटतं खरा धोका तिथंच आहे. माईक फिरतो, कुणीतरी उठतं आणि भरल्या गळ्यानं शेजारच्या मुलीची सगळी कहाणी देवाला सांगतं. देवाबरोबर दोनशे लोक ऐकतात, त्यात मुलीचा मामा असतो. मावशींचा नियम असा: माईक फिरवायचाच नाही. विषय चिठ्ठीवर, पेटीत, सभेच्या आधी. दोघांनी मिळून वाचायच्या, त्यातली एक बाई हवी. नाव, गाव, शाळा, आईबापाचा धंदा खोडायचा. वय सांगायचं तर 'दहा-बाराची' एवढंच. घटना फार वेगळी असेल तर तालुकाही खोडायचा, कारण लोक जोडून घेतात. सभा झाली की चिठ्ठ्या फाडायच्या. अपवाद एकच.

"चिठ्ठीतून कळलं की मुलावर लैंगिक अत्याचार झालाय किंवा होणार आहे, तर ती फाडायची नाही. तो प्रार्थनेचा विषय नाही राहिला, ती खबर झाली. पॉक्सो, २०१२, कलम १९. ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवायचंच. नाही कळवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही."

"पाळकसाहेब म्हणतील गोपनीय आहे."

"कायद्यात 'कोणतीही व्यक्ती' आहे. पाळकसाहेब व्यक्ती आहेत."

१०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर सगळ्यांना पाठ होता, पण लावल्यावर काय बोलायचं ते बंटीला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मास्तरांनाही नव्हतं. ठिकाण आणि जवळची खूण, मुलं किती, अंदाजे वय, सोबत कोण, आत्ता धोका आहे का. फोन फुकट, चोवीस तास. मालकाशी आपण भांडायला जायचं नाही, तो रात्रीत पोरांना हलवतो. फोटो काढायचा नाही. आणि कळवळून पोराला आपल्या घरी नेऊन ठेवायचं नाही. चांगली माणसं इथंच फसतात. सापडलेलं मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे यायला हवं, प्रवासाचा वेळ सोडून.

आता अण्णांची पाळी आली. "म्हणजे फोनच लावायचाय तर प्रार्थना हवी कशाला?"

"फोन लावल्यानंतरची रात्र असते, अण्णा," मावशी म्हणाल्या. "पोर कुठे नेलं ते तुम्हाला कुणी सांगत नाही, सांगूही नये. तुमचं काम संपलेलं असतं, त्याचं नसतं. त्या रात्री तुम्ही काय करता? मी प्रार्थना करते. नुसत्या प्रार्थनेवर भागवणाऱ्यांना बायबलातल्या याकोबानं कधीच झापलंय, उघड्याला 'ऊब घे' म्हणून वाटेला लावणाऱ्यांना. पण मी ज्या कामात होते त्यात प्रार्थना न करणारी माणसं दोन वर्षांत एकतर कडवट झाली, नाहीतर कोडगी."

अण्णांनी उत्तर दिलं नाही. विषय बदलला, ही त्यांची जुनी सवय. म्हणाले, मिशनऱ्यांनी याच शरणपुरात काय केलं ते सांगा ना मास्तर. मास्तर तयारच होते. गुलामांच्या गलबतांवरून इंग्रज आरमारानं सोडवलेली आफ्रिकन मुलं इथं आणली, सुतारकाम-लोहारकाम शिकवलं. त्यातला जेकब वेनराइट १८७४ मध्ये लिव्हिंग्स्टनचं शव घेऊन थेट वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीपर्यंत गेला. पुढे इथलेच कितीतरी जण मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउनला गेले.

"आणि नावं बदलली त्यांची," अण्णा. "धर्मही."

"बदलली. पोरांना कुणी विचारलं नाही, ते चूकच," मावशी सरळ म्हणाल्या. "म्हणून सांगते, मुलांसाठी प्रार्थना करणं वेगळं आणि मुलांना प्रार्थनेला बसवणं वेगळं. वसतिगृहातली पोरं सभेत गायला आणायची नाहीत. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक उपासनेला बसवायचं तर पालकाची संमती लागते, राज्यघटना, कलम २८, खंड ३. बालहक्क कराराच्या कलम १४ मध्ये मुलाचं स्वतःचं विचारस्वातंत्र्य आहे. आपण ज्या हक्कासाठी गुडघे टेकतो तो त्याच सभेत मोडायचा?"

"करार करार काय! अमेरिकेनं अजून मान्य केलाय का?" अण्णांना पुन्हा जोर आला.

"१९९५ मध्ये सही केली, मंजुरी आजतागायत नाही. आपण १९९२ मध्ये सामील झालो. सोमालियानंसुद्धा २०१५ मध्ये केला. म्हणून पाचवा विषय अमेरिका. आणि तो तुम्ही वाचायचा."

"मी? प्रार्थनासभेत?"

"युनियनचा आवाज आहे तुमचा. मागच्या बाकापर्यंत पोचतो. माहिती दोन मिनिटं, घोषणा नाहीत."

अण्णांनी बराच विचार केला. बंटीनं तेवढ्यात पियानोचं विचारून घेतलं, तर आत येताना वाजवायला मिळाला, शांततेत नाही. अखेर अण्णा म्हणाले, "वाचतो. पण आमेन म्हणणार नाही, आधीच सांगतो."

"गेल्या नाताळला जेवणाआधी दोनदा म्हणालात," मास्तरांनी डायरी मिटत सांगितलं.

"ते बिर्याणीसाठी होतं!"

"दुसरं कशासाठी?"

"रश्शासाठी."