‘माझं मी करते हो सगळं’

आज दुपारी मेलबॉक्समधून पत्र काढलं आणि ड्राइव्हवेवरच उभ्याने वाचून काढलं. सासूबाईंचा मेडिकेडचा, म्हणजे इथे अमेरिकेत कमी पैसेवाल्यांसाठी असलेल्या सरकारी आरोग्य विम्याचा, अर्ज नामंजूर. नर्सिंग होममध्ये ठेवण्याइतकी त्यांची गरज नाही म्हणे. कपडे स्वतः घालतात, स्वतः जेवतात, वॉकर घेऊन चालतात.

कपडे स्वतः घालतात! परवा सकाळी परकर डोक्यातून घालून त्याच्या बाह्या शोधत बसल्या होत्या. मी बाह्या नाहीत म्हटलं तर माझ्यावरच डाफरल्या, "शिंप्याला परत दे मग."

मेडिकेडची नर्स आली होती त्या दिवसाचं सांगते. मी आईंना अंघोळ घातली, हिरवी इरकली नेसवली, अंबाडा घालून दिला. बाई आल्या आणि आमच्या आई ताठ बसल्या. साताऱ्याला मुलींच्या शाळेत हेडबाई होत्या हो त्या! वर्गात तपासणीला साहेब आले की कसं वागायचं हे स्मृतिभ्रंशातही जात नाही. दुभाषी फोनवर, तोही हिंदीवाला. अंघोळीला मदत लागते का? "नहीं नहीं, मेरा मैं करती सब." कपडे? "वो भी." संडासला? तर असा काही चेहरा केला की विचारणाराच ओशाळावा. वर मला म्हणतात, "अगं, त्यांना चहा टाक ना." नवरा मधे बोलायला गेला तर बाई गोड हसून म्हणाल्या, आधी त्यांना बोलू दे.

झालं. फॉर्मवर ‘मदत लागत नाही’च्या खुणा झाल्या.

इथे न्यू जर्सीत नियम काय, तर अंघोळ, कपडे, संडास-बाथरूम, पलंगावरून उठणं, चालणं, जेवणं अशा रोजच्या गोष्टींपैकी तीन किंवा जास्त गोष्टींना दुसऱ्याचा प्रत्यक्ष हात लागला पाहिजे. किंवा डोकं चालत नसेल तर तीन गोष्टींना कोणीतरी समोर उभं राहून सांगायला तरी लागलं पाहिजे. आणि तेही बहुतेक गेल्या तीन दिवसांतलं विचारतात. रात्री दोनला उठून "शाळेला उशीर झाला" म्हणत दाराची कडी काढणं या तीनात बसत नाही. भटकतात का हे विचारतात, नाही असं नाही, पण मोजणीत ते येत नाही. गॅसची बटणं आम्ही काढून ड्रॉवरमध्ये ठेवलीत, तेही येत नाही. घरात कोण झोपतं, कोण नाही, हे तर कोणत्याच रकान्यात नाही.

आता कोणीतरी लिहिणारच, "मेडिकेअर आहे ना त्यांना?" म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा. आहे. अहो, मेडिकेअर नर्सिंग होमचे जास्तीत जास्त 100 दिवस देतं. त्यातले पहिले 20 पूर्ण, पुढे रोजचा वाटा आपला. त्यासाठी आधी तीन दिवस हॉस्पिटलात रीतसर ॲडमिट पाहिजे आणि नर्सचं नाहीतर थेरपिस्टचं काम निघालं पाहिजे. आई पडल्या तेव्हा हॉस्पिटलात होत्या, पण ‘ऑब्झर्व्हेशन’वर, म्हणजे नुसतं लक्ष ठेवायला, कागदोपत्री ॲडमिट नाही. तीच खाट, तोच गाऊन, तेच बेचव सूप, पण ते दिवस धरत नाहीत. म्हातारपणी नुसतं सांभाळायला माणूस लागतो त्याला मेडिकेअरमध्ये जागाच नाही. ते मेडिकेडकडे. तिथे नावावर 2,000 डॉलरच्या वर शिल्लक चालत नाही, पाच वर्षांत कोणाला काय दिलंत तेही खणून काढतात. आणि स्वतःच्या खिशातून म्हणाल तर नर्सिंग होम महिन्याला दहा हजार डॉलरच्या वर जातं.

बरं, घरीच ठेवून मेडिकेडकडून नर्सिंग होमच्या तोडीची मदत मागावी, तर इथे त्यासाठीही हीच परीक्षा. म्हणजे हेडबाई घरी नापास, तर बाहेरही नापास. नापास कसल्या, पहिल्या नंबराने पास झाल्या, तोच तर घोळ आहे.

हो, मान्य, जनतेचा पैसा आहे, तपासायलाच हवं. मुलांच्या नावावर घर करून मेडिकेडच्या दारात उभे राहणारेही आहेत, आपल्यातलेही आहेत, नावं घेत नाही. पण तपासायचं म्हणजे ज्याला आज वार कुठला ते आठवत नाही त्यालाच विचारायचं की तुझं तू करतोस का?

सांगलीच्या आत्यांचा फोनही आजच यायचा होता. "आपल्याकडे नाही बाई असलं, आपण घरीच करतो." आपण म्हणजे कोण, आत्या? तुमच्या सुनेने नोकरी सोडली ना? तिकडेही 2024 पासून 70 च्या वरच्यांना आयुष्मानमधून पाच लाखांपर्यंतचा उपचार आहे, चांगलंच आहे, पण तो दवाखान्यात भरती झालं तर. घरचं हगणं-मुतणं, कूस बदलणं, रात्रीचं जागरण कोणत्या योजनेत आहे? ते घरातल्या बाईच्या खात्यावर. हे मी आत्यांना बोलले नाही. इथे लिहिते आहे, वाचतील तर वाचोत.

जरा शांत झाले आता. चहा घेतला.

त्या नर्सबाईंचा मला राग नाही. वाईट नव्हत्या. जाताना आईंचा हात दोन्ही हातांत धरून "ब्यूटिफुल लेडी" म्हणाल्या, आणि आई खुलल्या. त्यांची गाडी वळली आणि दहा मिनिटांत आईंनी मला विचारलं, "तुम्ही कोणाकडच्या?" पुढच्या अर्ध्या तासात इरकली खराब झाली. ती मी बाथटबमध्ये बसून धुतली. त्या अर्ध्या तासात कोणी आलं असतं तर तीन काय, सगळ्याच गोष्टींपुढे ‘मदत लागते’च्या खुणा झाल्या असत्या.

आईंना दोष नाहीच. आयुष्यभर कोणापुढे हात पसरला नाही, आता परक्या बाईला सांगायचं की मला धुवायला सून लागते? मी तरी सांगितलं असतं का?

अपील करतोय. डॉक्टरांकडून लिहून घेणार आहोत. रात्रीची वही कालपासून नाही, आजपासून सुरू: किती वाजता उठल्या, काय केलं, कोणी आवरलं. पुढच्या वेळी मराठी दुभाषी आधी मागून घेणार, फुकट द्यावा लागतो त्यांना. आणि अंघोळ नर्स येऊन गेल्यावर. हे लिहायला जड जातंय, पण तसंच करणार. आईंना त्या अवस्थेत परक्यासमोर बसवायचं म्हणजे... असो.

इथल्या एडिसन-इझलिनकडच्या कोणी मेडिकेडचं फेअर हिअरिंग, म्हणजे अपिलाची सुनावणी, लढवलंय का? वकील लागतो का, की घरच्यांनी गेलं तरी चालतं? आईंना तिथे न्यावं का? नेलं तर त्या जजसाहेबांनाही चहा विचारतील. इनबॉक्समध्ये नंबर द्या, मी फोन करेन. रात्री उशिरा चालत असेल तर उत्तमच, मी जागीच असते.