होपी चांदीवरचा काळा रंग घासू नका, आणि तो फॉरवर्डही पुढे ढकलू नका

"अमेरिकेतल्या होपी आदिवासींचे चांदीचे दागिने : आपल्याच पूर्वजांची पाच हजार वर्षांची कला" असा एक लांबलचक मेसेज सध्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरतोय. एरवी मी तो वाचून सोडून दिला असता. पण तो आत्याकडे पोचला, आणि सुनेने ॲरिझोनाहून आणलेलं होपी पेंडंट तिने त्यातल्या 'घरगुती उपाया'ने धुऊन काढलं. त्यावर ढग आणि पावसाच्या रेघा होत्या. आता जवळ धरून निरखल्याशिवाय काही दिसत नाही.

म्हणून आधी तोच मुद्दा. मेसेज सांगतो, "काळा भाग म्हणजे चांदीतली भेसळ. ॲल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि उकळतं पाणी, दोन मिनिटांत दागिना चकचकीत."

काळा भाग भेसळ नाही आणि मळही नाही. तो कारागिराने मुद्दाम आणलेला असतो, आणि नक्षी दिसते ती त्याच्याचमुळे. होपी दागिन्यांची खास पद्धत म्हणजे ओव्हरले, चांदीचे दोन पत्रे एकावर एक. वरच्या पत्र्यावर नक्षी आखतात, बारीक भोक पाडून त्यातून करवतीचं दोऱ्याएवढं पातं ओवतात आणि नक्षीचा आकार कापून काढतात. आतले कोपरे धारदार यायला हवेत. तिथे हात चुकला की पत्रा वाया. मग हा जाळीदार पत्रा खालच्या अखंड पत्र्यावर डाक देऊन, म्हणजे जोडणारा धातू वितळवून, बसवतात. डाक सगळीकडे सारखी पसरली पाहिजे, कडेला फट राहता कामा नये, आणि उतू जाऊन नक्षीतही शिरता कामा नये. खोलगट राहिलेल्या भागात छिन्नीने एकमेकींना खेटून बारीक रेघा ठोकतात. त्यानंतर दागिन्याला गंधकाच्या रसायनाने काळं करतात आणि वरचा पृष्ठभाग तेवढा घासून पुन्हा पांढरा काढतात. खोलातला काळा तसाच राहतो. बहुतेक कारागीर वरचा भागही आरशासारखा चमकवत नाहीत, मंद रेशमी झळाळीवर थांबतात.

आता फॉइल-सोड्याचं काय होतं? चांदीवरचा काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. त्यातलं गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि थर पुन्हा पांढरी चांदी होतो. उपाय काम करतो, हे मान्य. देवाच्या साध्या ताम्हनाला खुशाल करा. पण इथे तो नेमका कारागिराने केलेला अर्धा भाग पुसून टाकतो. आपल्याकडच्या ऑक्सिडाइज्ड झुमक्यांना असा उपाय कोणी करेल का? टूथपेस्ट तर त्याहून वाईट, ती वरच्या झळाळीवरही ओरखडे पाडते. जाणकार सोनाराकडून काळेपणा पुन्हा आणता येतो, एवढाच दिलासा. रोजची निगा म्हणजे मऊ कोरडं फडकं, आणि तेही वरच्या भागापुरतंच. राहिली भेसळ. स्टर्लिंग, म्हणजे दागिन्यांच्या नेहमीच्या 92.5 टक्के चांदीत, 7.5 टक्के तांबं असतं, हे खरं. पण गंधकाने शुद्ध चांदीसुद्धा काळी पडते.

"पाच हजार वर्षांची कला." साफ खोटं. चांदीकाम होपींच्या शेजारच्या जमातीतले नवाहो लोक 19व्या शतकात मेक्सिकन कारागिरांकडून शिकले, त्यांच्याकडून झुनी ही दुसरी शेजारची जमात, आणि लान्यादे या झुनी कारागिराकडून 1890च्या दशकात सिक्यातला नावाचा होपी कारागीर. ओव्हरलेची खास होपी शैली तर त्याच्याही नंतरची. 1938च्या सुमारास फ्लॅगस्टाफच्या म्युझियम ऑफ नॉर्दर्न ॲरिझोनाने होपी कारागिरांना सुचवलं की नवाहो-झुनींपेक्षा वेगळं काही करा, तुमच्याच मडक्यांवरची, टोपल्यांवरची, कापडांवरची नक्षी चांदीत आणा. म्हणजे नक्षीची मुळं जुनी आहेत, तेवढं मेसेजवाल्याला देऊन टाकते. सुरुवातीची काही रेखाटनं म्युझियमच्या गोऱ्या माणसांनी केली, हेही लपवायचं कारण नाही. पण ही शैली उभी केली ती दुसऱ्या महायुद्धानंतर पॉल सॉफकी आणि फ्रेड काबोटी या दोन होपींनी. 1947 पासून युद्धावरून परतलेल्या होपी सैनिकांना त्यांनी शिकवलं, सॉफकींनी धातूकाम आणि काबोटींनी नक्षी. 1949 मध्ये कारागिरांची सहकारी संस्था झाली. ग्रँड कॅन्यनला गेलेल्यांनी डेझर्ट व्ह्यू वॉचटॉवरमधली भित्तिचित्रं पाहिली असतील, ती याच काबोटींची. नाव-गाव ठाऊक असलेल्या माणसांचं श्रेय काढून 'आपल्या पूर्वजांना' द्यायचं, याचा मला मनापासून राग येतो.

"प्रत्येक दागिन्यावर स्वस्तिक असतं, हाच पुरावा." तसा आकार होपींसह तिथल्या अनेक जमातींच्या कामात होता, खरं आहे. पण तो जगभर कितीतरी ठिकाणी सापडतो. त्यावरून कोणी कोणाचं पूर्वज ठरत नाही. शिवाय फेब्रुवारी 1940 मध्ये होपी, नवाहो, अपाची आणि पापागो जमातींच्या प्रतिनिधींनी ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात सही करून जाहीर केलं की नाझींनी विटाळलेलं हे चिन्ह आम्ही आमच्या हस्तकलेत यापुढे वापरणार नाही. होपी ओव्हरले त्यानंतर बहरली. 'प्रत्येक दागिन्यावर' येणार कुठून?

"फिरोजा नसेल तर नकली." उलट, ओव्हरले बहुतेक वेळा निव्वळ चांदीचीच असते. चार्ल्स लोलोमांसारख्या होपी कलावंतांनी खडे भरपूर वापरले, पण ती वेगळी वाट.

"925चा शिक्का म्हणजे अस्सल होपी." तो शिक्का फक्त धातूचं प्रमाण सांगतो, घडवणाऱ्याचा पत्ता नाही. होपी कारागीर मागच्या बाजूला स्वतःची खूण उमटवतात, अनेकदा आपल्या कुळाची : अस्वल, मका, सूर्य. मार्गारेट राइट यांच्या 'होपी सिल्व्हर' या 1972च्या पुस्तकात कारागीर आणि त्यांच्या खुणा चित्रांसह नोंदवल्या आहेत. खूण आधी तिथे ताडून पाहावी. खूणही नकली असू शकते, म्हणून विकणाऱ्याकडून पावतीवर कारागिराचं नाव आणि जमात लिहून घ्या. खोटी जमात सांगून माल विकणं 1990च्या अमेरिकी कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच खेपेला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. लिहून द्यायला जो दुकानदार कां-कूं करतो, त्याच्याकडून घेऊ नका.