डोमिसाइल नसलं तर फी दुप्पट? त्या मेसेजमधलं खरं किती

बारावीचा निकाल लागला की खानदेशात मोबाइलवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डोमिसाइल, म्हणजे अधिवासाचा दाखला, नसेल तर इंजिनिअरिंगला दुप्पट फी, गुजरातेतून बारावी केली तर मूल परराज्याचं धरतात, आणि आधारवर इकडचा पत्ता टाकला की काम झालं. नवापूर-शहाद्याकडचे आणि सुरतेत उधना-लिंबायतला राहणारे आपले लोक हे वाचून घाबरतात, एजंटच्या हातात पैसे ठेवतात. म्हणून लिहितो आहे.

दुप्पट फीचं आधी. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्याखाली शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ती कॉलेज आणि कोर्सप्रमाणे ठरते. कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, आलेला मुलगा जळगावचा असो की इंदूरचा, आकडा तोच. अनिवासी भारतीय कोट्याची फी जास्त असते, पण ती त्या कोट्यामुळे. राज्याबाहेरच्या मुलांकडून जादा पैसे घ्यावेत का, हा वाद इंदूरच्याच मेडिकल कॉलेजवरून सुप्रीम कोर्टात गेला होता आणि १९५५ मध्ये कोर्टाने तेव्हाच्या मध्य भारत राज्याच्या सरकारच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे सरकारला असा भेद करता येतो. आपल्या या कॉलेजांच्या फीत तो केलेला नाही, एवढंच.

मग गैरसमज आला कुठून? बहुतेक पावत्यांवरून. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते, आणि २०२४-२५ पासून पात्र मुलींना पूर्ण. त्यासाठी महाराष्ट्राचं डोमिसाइल लागतं. शेजारच्या मुलाने निम्मी भरली आणि आपल्याला पूर्ण भरावी लागली, की ती दुप्पटच वाटते. फी एकच होती. आपली सवलत हुकली. हा फरक कळला तर माणूस फीवरून भांडत बसण्याऐवजी महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज वेळेत भरतो.

गुजरातेतल्या बारावीचा मुद्दा मला सर्वांत जास्त टोचतो. नवापूरचं रेल्वे स्टेशनसुद्धा अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. तिथलं पोर पलीकडे उच्छल-सोनगडला शिकलं म्हणून परकं होतं का? राज्याची प्रवेश परीक्षा आणि प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलच्या नियमांत इंजिनिअरिंगसाठी 'टाइप बी' याच मुलांसाठी आहे: दहावी-बारावी बाहेरची असली तरी उमेदवाराचं स्वतःचं, वडिलांचं किंवा आईचं महाराष्ट्राचं डोमिसाइल असलं की राज्याच्या जागांवर हक्क सांगता येतो. आईचं चालतं, हे कुणी सांगतच नाही. सुरतेला लूमवर काम करणारे एक दादा मला रडकुंडीला येऊन म्हणाले, "भाऊ, आते काय करानं?" एजंट त्यांच्याच डोमिसाइलच्या कागदांमागे लागला होता. घरची माउली मात्र सासू-सासऱ्यांपाशी सगळी वर्षं शहादा तालुक्यातच राहिलेली. तिच्या नावाने अर्ज केला, दाखला मिळाला.

मेडिकलला मात्र हे लावू नका. तिथे राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी डोमिसाइलसोबत दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. अपवाद थोडे, तेही मुख्यतः सरकारी नोकर आणि सैनिकांच्या मुलांना. मेसेजमधली भीती खरी ठरते ती इथे. डॉक्टर व्हायचं ठरलं असेल तर अकरावीला सीमा ओलांडण्याआधीच विचार करा.

राहिलं आधार. आधारच्या २०१६ च्या कायद्याच्या नवव्या कलमातच लिहिलंय की आधार हा अधिवासाचा पुरावा नाही. डोमिसाइलला १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं: शाळेचा दाखला, रेशन कार्ड, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं. अर्ज सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर होतो. जून-जुलैत तिथे रांगा लागतात, तेव्हा मूल अकरावीत असतानाच कागद गोळा करायला घ्या.