गठाण कोणी बांधली?

आमच्या गावाजवळच्या, कापसातून सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या हंगामसमाप्तीच्या सत्काराला यंदाही गेलो आणि यंदाही तेच ऐकून परतलो: मालकांची दूरदृष्टी, मालकांचे धाडस, मालकांचे नियोजन. शाल त्यांनाच, श्रीफळ त्यांनाच, बॅनरवर छायाचित्रही त्यांचेच. मग रुईची 170 किलोची एकेक गठाण कोणी बांधली? तिच्यासाठी लागणारा सुमारे 5 क्विंटल कापूस रेच्यांपर्यंत, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांपर्यंत, कोणी वाहिला? आमच्या शेजारच्या वहिनी तिथेच कापसातला काडीकचरा वेचतात; संध्याकाळी त्या घरी येतात तेव्हा पापण्यांवर रुईचे तंतू चिकटलेले असतात आणि रात्रभर त्यांचा खोकला भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू येतो. त्यांचे नाव त्या व्यासपीठावरून एकदा तरी उच्चारले गेले का? नफा झाला की तो नेतृत्वाचा आणि तोटा झाला की मजूर कामचुकार, हा कुठला न्याय? डिसेंबरच्या थंडीत रात्रपाळीला रेचे चालू ठेवणारे हात नसते, तर मालकांचे सगळे भांडवल आवारात कापसाची गंजी होऊन पडून राहिले असते. पुढच्या वर्षी व्यासपीठावरची पहिली खुर्ची वहिनींसाठी मांडा, मगच मला बोलवा.