डॉक्टर कन्झ्युमर कोर्टातून वगळले? तो फॉरवर्ड चुकीचाय

सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय, की नव्या ग्राहक कायद्यातून डॉक्टर वगळले, आता भरपाई मिळत नाही, फक्त पोलिसात जा. असं काही नाहीये. झालं एवढंच की 2019 च्या कायद्याच्या मसुद्यात सेवांच्या यादीत आरोग्य हा शब्द होता, तो नंतर काढला, आणि लोकांनी त्यावरून पतंग उडवले. पण ती यादी नुसती उदाहरणादाखल आहे, पैसे घेऊन केलेले उपचार ही सेवाच असं सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये सांगितलंय, आणि 2021 मध्ये मुंबई हायकोर्टाने डॉक्टरांना या कायद्यातून वगळा अशी डॉक्टरांच्या संघटनेची याचिका फेटाळली, पुढे 2022 ला सुप्रीम कोर्टानेही तेच ठेवलं.

हां, जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात अशा दवाखान्याविरुद्ध इथे दावा चालत नाही, तेवढं खरंय.

बिल 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य, 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोगातच, म्हणजे जिल्ह्याच्या कन्झ्युमर कोर्टातच. बिल बघतात हं, तुम्ही मागताय किती ते नाही. तक्रार करायची मुदत 2 वर्षं.

आणि कागद! मावशीच्या वेळी हातात नुसतं डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोट्स नाहीतच, काउंटरवर रोज उद्या या. शेवटी लेखी अर्ज देऊन पोच घेतली तेव्हा फाईल हलली. खरं तर मागितल्यावर 72 तासांत द्यायचा नियम आहे.

तो मेसेज पुढे पाठवला असेल तर डिलीट करा प्लीज.